हद्दीतली विजया

आमच्या घरमालकांना कुणी पत्ता विचारला की विचारणारा बिचारा फसायचा. "ओढ्यापलीकडचं कौलारू घर" एवढं सांगून भागलं असतं. पण ते छत्री जमिनीत रोवून उभे राहायचे आणि म्हणायचे, "पूर्वेस गुरवाचा गोठा, पश्चिमेस खाडीकडे जाणारी पाणंद, दक्षिणेस फणस, उत्तरेस ओढा. या चतुःसीमेच्या आत जे काय आहे ते माझं." मग जरा थांबून आत स्वयंपाकघराकडे बघत आवाज उतरवून म्हणायचे, "म्हणजे हिचं."

ते मोजणी खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. सारा गाव त्यांना मोजणीदारच म्हणायचा, म्हणून मीही तेच म्हणतो. त्यांचं नाव सांगत नाही. त्यांचे नातू आता मोठमोठ्या हुद्द्यांवर आहेत आणि आजोबांनी सरकारी कायदा मोडून भांग लावली होती हे त्यांना आवडेल असं नाही.

मी देशावरचा, वाईकडचा. एकोणीसशे तीसच्या सुमारास रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीपलीकडे, पावसच्या वाटेवरच्या एका गावात शाळामास्तर म्हणून माझी नेमणूक झाली. आगबोटीतून उतरलो तेव्हा पोटात काही उरलं नव्हतं आणि डोक्यातही फारसं नसावं, कारण पहिल्याच दिवशी मी मोजणीदारांच्या आवारातल्या एका छान गुळगुळीत दगडावर बसलो. आतून आरोळी आली, "मास्तर, उठा. हद्दीवर बसू नये."

तो दगड त्यांच्या आणि गुरवाच्या जमिनीमधला होता. हद्दीच्या दगडावर बसू नये, त्याला पाय लावू नये, त्यावर धोतर वाळत घालू नये. मुंज झालेल्या मुलाला संध्या शिकवावी तसं त्यांनी हे मला शिकवलं आणि मग पडवीतली खोली दाखवली.

त्या घरात सगळं मोजणीच्या भाषेत चालायचं. जेवताना पानावर भाताचा बांध घालून आमटी एका बाजूला आणि ताक दुसऱ्या बाजूला ठेवलेलं असे. मला ते जमत नसे. माझी आमटी ताकात शिरली की ते मान हलवून म्हणत, "अतिक्रमण झालं." त्यांच्या जावयालाही ते अतिक्रमणच म्हणत, कारण तो दिवाळीला येऊन शिमग्यापर्यंत राहायचा. डोक्यावरच्या टकलाला त्यांनी पोटखराबा असं नाव दिलं होतं, म्हणजे सातबाऱ्यावर असलेली पण पीक न येणारी जमीन. या पोटखराब्यावर बारा महिने सरकारी सोला टोपी असायची. धोतर, अंगात बाराबंदी आणि वर साहेबी टोपी अशा थाटात ते देवळात निघाले की देवळातला नगारेवाला तोंड फिरवून हसून घ्यायचा.

पण त्यांच्या मोजणीबद्दल कुणी हसत नसे. सगळ्या तालुक्यातल्या सड्यांवरून, म्हणजे कातळाच्या माळांवरून, त्यांनी मोजणीची साखळी ओढली होती. भाऊ-भाऊ भांडायला लागले की कोर्टात जाण्याआधी त्यांच्याकडे येत. ते भिंतीवरच्या खुंटीवरची जुनी साखळी उतरवायचे आणि जाऊन हद्द दाखवून यायचे. मोबदला म्हणून साध्या शहाळ्यालाही हात लावत नसत. बाप मेल्यावर बांध सरकवणाऱ्या दोघा भावांना त्यांनी एकदा माझ्यासमोर सांगितलं, "तुमचा बापूस गेला. हद्द गेलेली नाही. माणूस जातो, हद्द राहते." ते दोघे मुकाट्याने घरी गेले.

असा हा माणूस चोरी करू लागला तो काकूंपायी.

काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांना अर्धशिशी होती, आणि ती अशी तशी नाही. कपाळाच्या डाव्या बाजूला कळ सुरू झाली की त्या माजघराचं दार लोटून घेऊन डोक्याला फडकं आवळून पडून राहायच्या. घरात भांडं वाजलेलं चालत नसे. मोजणीदार तेव्हा अनवाणी चालायचे, खोकला आला तर परसात जाऊन खोकायचे. एकदा मला म्हणाले, "मास्तर, आयुष्यभर जमीन मोजली. हिचं डोकं किती दुखतं ते मोजायला साखळीच नाही हो." एरवी ते विनोद करून स्वतःच हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत.

पावसला एक म्हातारे वैद्य होते. ते काकूंना कसलं तरी चाटण द्यायचे. ते घेतलं की दोन घटकांत कळ ओसरायची आणि काकू उठून वाटण वाटायला बसायच्या. त्या चाटणात भांगेचा पाला असे. मोजणीदार तिला भांग म्हणत नसत, वैद्यांसारखं विजया म्हणत. वैद्य वारले. जाताना कृती सांगून गेले, पण पाला कुठून आणायचा? परवान्याच्या दुकानात जो मिळायचा त्यात अर्ध्या काड्या आणि उरलेली धूळ. त्याने काकूंची कळ जाईना, उलट शिंका यायला लागल्या. आणि घरी झाड लावणं म्हणजे अबकारीचा गुन्हा.

"सरकारचं मीठ खाल्लंय मी," मोजणीदार म्हणायचे, आणि पुढचे काही दिवस खिडकीतून सड्याकडे बघत बसायचे. सड्यावरचा प्रत्येक खळगा त्यांच्या ओळखीचा होता. कातळात कुठे माती साचते, कुठे ओल टिकते, कुठे वाटसरूची नजर पोचत नाही, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी बायकोच्या कळेने सरकारच्या मिठावर मात केली.

पहिली लागवड त्यांनी सड्यावरच्या एका खळग्यात केली, करवंदीच्या जाळीआड. मला याची काही कल्पना नव्हती. ती आली शेळ्यांमुळे. गावात एका खलाशाची आई होती, सगळे तिला बूबू म्हणायचे. तिच्या शेळ्या एका संध्याकाळी घरी आल्याच नाहीत. शोधायला गेलेल्यांना त्या कातळावर पाय पसरून पडलेल्या दिसल्या. एक आकाशाकडे बघत होती, दुसरी आपल्याच सावलीला ढुशी मारत होती, आणि तिसरी, जी एरवी कुणालाही जवळ येऊ देत नसे, ती गावच्या खोताच्या खांद्यावर डोकं ठेवून उभी राहिली. भुताटकी झाली म्हणून बूबूने मिरच्या ओवाळल्या. खोताला मात्र त्या शेळीचा लळा लागला आणि तो पुढे बरेच दिवस तिची विचारपूस करायला जायचा.

मोजणीदार त्या रात्री जेवले नाहीत. पडवीत येऊन माझ्याजवळ बसले. म्हणाले, "मास्तर, तुम्ही बाहेरगावचे, म्हणून सांगतो. ती भुताटकी माझी होती."

मी पोट धरून हसलो. त्यांना राग आला नाही. ते फक्त म्हणाले, "हसा. पण आता हिला पुढलं वर्षभर काय देऊ?"

पुढच्या पावसाळ्याआधी त्यांनी जागा शोधली ती देवराईत. गावाच्या वरच्या अंगाला ग्रामदेवाची राई होती. ऐन, किंजळ, सातवीण आणि त्यांना लगडलेल्या मांडीएवढ्या जाड वेली. दुपारीही आत दिवेलागण झाल्यासारखं वाटायचं. एका कडेला मात्र मोठं झाड उन्मळून पडलं होतं, तिथे ऊन उतरायचं आणि शेजारून ओढा वाहायचा. त्या राईतलं पानसुद्धा कुणी बाहेर नेत नसे. वाळकी काटकी पडली तर ती तिथेच कुजायची. जत्रेच्या दिवशी राईतल्या लाकडावर राईतच प्रसाद शिजायचा, एवढीच मोकळीक. गुराखी शेळ्यांनाही तिकडे फिरकू देत नसत.

"याहून राखण कुठली?" मोजणीदार हात चोळत म्हणाले. देवबीव ते फारसं मानत नसत. देव म्हणजे न मोजलेली जमीन, असं त्यांचं मत होतं.

रोपं झकास वाढली. श्रावणात ती माणसाच्या कमरेला आली, भाद्रपद संपेतो छातीला. मोजणीदार रोज फिरायला म्हणून जायचे आणि परत आले की चेहऱ्यावर लेक उजवल्यासारखं समाधान असायचं. दसऱ्यानंतर एके दिवशी ते कापडी पिशवी घेऊन गेले आणि रिकामी पिशवी घेऊन आले.

"आज दव फार होतं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी वारा फार होता. तिसऱ्या दिवशी पिशवीला भोक होतं. त्यानंतर त्यांनी कारण द्यायचं सोडलं. माजघराचं दार पुन्हा लोटलेलं राहू लागलं होतं. शेवटी ते मला घेऊन राईत गेले. ती हिरवीगार झाडं ऐटीत डुलत होती. मोजणीदारांनी हात पुढे केला आणि पानापासून वीतभर अंतरावर तो थांबला, कुणी मनगट धरावं तसा.

"जमत नाही हो," ते म्हणाले. "मुंज झाली तेव्हापासून ऐकत आलोय, राईतलं नेऊ नये. मानत नाही मी. पण हाताला कोण सांगणार?"

ज्या राखणीवर ते खूश होते ती राखण त्यांच्यावरच उलटली होती. मग त्यांनी मला गळ घातली. "तुम्ही तोडा मास्तर. तुम्ही घाटावरचे. आमच्या देवाची हद्द आंबा घाटात संपते."

मला हे अगदी पटलं. मी पुढे झालो. तेवढ्यात वरून एक सुकलेलं फळ माझ्या डोक्यावर टपकन पडलं. त्याला काही अर्थ नव्हता, झाडाखाली उभं राहिलं की फळं पडायचीच. पण मी हात मागे घेतला आणि आम्ही दोघे शिकलेसवरलेले गृहस्थ रिकामी पिशवी घेऊन घरी आलो.

आणि मग अबकारीचा साहेब आला. तो काही विजयेसाठी आला नव्हता. माडीच्या झाडांची तपासणी करायला आला होता. उन्हाने हैराण होऊन राईच्या कडेला ओढ्यापाशी डबा उघडून बसला आणि पहिला घास तोंडात घालताना त्याने समोर पाहिलं. जेवण तसंच टाकून त्याने शिपायाला हुकूम सोडला, "उपट."

शिपाई गावाजवळचाच होता. तो जागचा हलला नाही. "सायेब, ही देवाची राई हाय. हितलं पान काडायचं नाय. आमी गाववाले पन काडत नाय."

"मी सांगतोय ना?"

"तुमी काडा मग," शिपाई नम्रपणे म्हणाला.

साहेबांनी बाह्या सारल्या. पुढे वाकले. गुरव, खोत, बूबूचा मुलगा असा गाव जमला होता आणि साहेबांच्या हाताकडे बघत होता. साहेबांनी हात पुढे केला, मग तो खिशात घालून रुमाल काढला आणि घाम पुसला. साहेबांचीही मुलंबाळं पुण्यात होतीच की.

"ही जमीन कुणाची?" त्यांनी विचारलं.

"देवाची," गुरव म्हणाला.

"कसतो कोण?"

"देव."

साहेबांनी ओठ चावला. देवावर समन्स काढायची सोय नव्हती. मग त्यांना एक युक्ती सुचली. "झाडं अगदी कडेला आहेत. राईची हद्द नक्की कुठे आहे? बाहेर असतील तर देवाचा काही संबंध नाही." सगळ्यांनी एकाच दिशेला पाहिलं. गावात हद्द दाखवणारा माणूस एकच होता.

मला पंच म्हणून बोलावलं गेलं आणि मोजणीदारांना मोजणीसाठी. ते आले. डोक्यावर टोपी, खांद्यावर साखळी. चेहरा कातळासारखा. झुडपं बाजूला करून त्यांनी शेवाळलेला एक दगड दाखवला. "हा मी तरुणपणी रोवलाय." दुसरा दगड ओढ्याच्या वळणापाशी निघाला. आता या दोन दगडांमध्ये साखळी ताणायची, की आतलं देवाचं, बाहेरचं सरकारचं. पहिल्या टोकाला ते स्वतः उभे राहिले, दुसरं टोक मी धरलं.

साखळी झाडांवरूनच जात होती. बरीचशी आत होती. पण एक झाड, सगळ्यांत उंच, सगळ्यांत भरघोस, नेमकं काठावर होतं. मला त्यांच्या घरातलं लोटलेलं दार आठवलं. मी माझं टोक हळूच सैल सोडलं. साखळीला झोळ आला, ती बाहेरच्या बाजूला सरकली आणि ते झाड अलगद देवाच्या ओटीत गेलं. कुणाच्याही लक्षात आलं नसतं.

"मास्तर," मोजणीदार म्हणाले, "ताण धरा."

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताण धरला. साखळी सरळ झाली आणि झाड बाहेर राहिलं.

"हे बाहेर आहे, साहेब," ते म्हणाले. "हे उपटा. बाकीची आत आहेत."

साहेबांनी ते झाड मुळासकट उपटलं. काहीतरी हाती लागल्याने त्यांची अब्रू राहिली आणि उरलेल्यांना हात न लावता परतायला कारण मिळालं. निघताना त्यांनी अदबीने विचारलं, "तुम्ही जुने सरकारी नोकर. या प्रकरणी तुमचा कुणावर संशय?"

"माझा कुणावरही संशय नाही," मोजणीदार म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं. ज्याला पक्कं ठाऊक आहे त्याला संशय कशाला असेल?

घरी आल्यावर मात्र ते ओटीवर मटकन बसले. टोपी काढून बाजूला ठेवली. "मास्तर, इतके दिवस मी त्या झाडासमोर उभा राहत होतो हो. तेच एक झाड तोडायला मला देव आडवा येत नव्हता. ते बाहेर होतं."

"लावताना मोजलं नव्हतंत?" मी विचारलं.

"चोरी करायला जाताना साखळी कोण नेतो?" ते चिडून म्हणाले. "जन्मात एकदाच न मोजता काही केलं."

माजघराचं दार किलकिलं झालं. काकू कपाळावरचं फडकं धरून उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटतं, शेळ्यांपासूनचं सगळं त्यांना आधीच ठाऊक होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "राईतलं बाहेर न्यायचं नाही ना?"

"नाही गो."

"मग त्यात एवढं काय? मीच आत येत्ये."

तालुक्यातल्या सगळ्या हद्दी ज्याला पाठ, त्याला हे सुचलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी देवाला कौल लावायचा ठरला. गुरवाने देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना पाण्याने पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मोजणीदारांनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, "पूर्वेस ओढा, पश्चिमेस वारूळ, दक्षिणेस देऊळ, यांमधील वनस्पती, सदर वनस्पतीचा पाला सदर हद्दीच्या आतच..." गुरवाला कळेना की देवाला काय सांगायचं. पाकळ्या ढिम्म हलल्या नाहीत. देवालाही कळत नसावं.

काकूंनी पदर खोचला. "तुम्ही थांबा वायच. देवा, माझं डोकं दुखतंय. इथंच बसून औषध घेत्ये. घेऊ?"

उजवी पाकळी घसरून खाली आली.

त्या दिवसापासून कळ येईलसं वाटलं की काकू मोजणीदारांचा हात धरून राईत जायच्या. पाल्याकडे गेलेला मोजणीदारांचा हात आता थांबत नसे. पाला तिथेच वाटायचा, तिथेच घ्यायचा, वाटायचा दगड ओढ्यात धुवायचा. एवढं झालं की काकू उठायला बघायच्या. पण मोजणीदार त्यांना उठू देत नसत. त्यांच्या हिशेबाने औषध पोटात असताना राईबाहेर पडणं म्हणजे पाला बाहेर नेणंच.

"पोटातून नेलं तरी नेलंच," ते म्हणायचे. "जिरेपर्यंत बस."

"जिरलं ते तुम्हाला कसं कळणार? पोटावर साखळी लावणार की काय?"

तरी त्या बसायच्या. आणि तो पाला जिरायला बराच वेळ लागत असावा, कारण दोघं दुपारी गेली की उन्हं कलल्यावर परतायची. शाळा सुटल्यावर कधीतरी मी तिकडून जायचो तेव्हा काकूंचं हसणं ऐकू यायचं. औषधाने कळ जायची आणि जीभ मोकळी व्हायची. नोकरीभर मोजणीदार फिरतीवर असायचे, पावसाळ्यापुरते घरी. ते नसताना आपण त्यांच्या जुन्या टोपीला खुंटीवरून काढून समोर ठेवून तिच्याशी भांडायचो, हे काकूंनी त्यांना इतक्या वर्षांनी राईत सांगितलं.

"टोपी काय म्हणायची?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यापेक्षा बरी. ऐकून घ्यायची."

त्यानंतर मोजणीदार राईत टोपी काढून बसायला लागले. पोटखराब्याला ऊन लागलं तरी चालायचं. मला हा बदल फार आवडला, आणि मी तसं म्हटल्यावर ते लाजले. मोजणीदार लाजताना मी पहिल्यांदाच बघितले.

पुढे माझी बदली घाटावर झाली. काही वर्षांनी मुंबईला गेलो, तेव्हा मुद्दाम आगबोट धरून रत्नागिरीला उतरलो. घरात सून होती. ती म्हणाली, काकू मागच्या थंडीत गेल्या. कळेने नाही, तापाने. मामंजी राईत असतील.

ते राईतच होते. ओढ्याच्या काठी त्यांच्या नेहमीच्या दगडावर बोडक्या डोक्याने बसलेले. समोर विजया माजली होती. बी पडून पडून आपली आपण उगवलेली, पार वेलींपर्यंत गेलेली. तिचं एक पानही कुणी तोडलेलं दिसत नव्हतं. मला बघून त्यांना आनंद झाला. आम्ही खोताची चौकशी केली, शेळ्यांची केली. अतिक्रमण आता मुलाबाळांसकट राहतंय असं ते म्हणाले.

"आता इथे कशासाठी येता?" मी न राहवून विचारलं.

त्यांनी छत्री जमिनीत रोवली. जुना आवाज काढला. "लिहून घ्या, मास्तर. पूर्वेस ओढा. पश्चिमेस वारूळ. दक्षिणेस देऊळ." ते थांबले. त्यांच्या शेजारी एक बसका दगड होता, काकू बसून बसून गुळगुळीत झालेला, आणि त्यावर ती सोला टोपी ठेवलेली होती. "उत्तरेस ही."

पाय दुखत होते आणि डोळे भरून आले होते. त्यांच्या जवळ बसावं म्हणून मी वाकून टोपी उचलायला हात पुढे केला.

"तिथे नको, मास्तर," ते म्हणाले. "हद्दीवर बसू नये."

मी वळसा घालून पलीकडे गेलो आणि त्यांच्या पायाशी मातीत बसलो.